प्रमाद, हिंसा आणि गाडीचा ब्रेक
पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या लोणी देवकर येथे औद्योगिक वसाहत असल्याने मालवाहू वाहनांची सतत ये-जा असते, आणि दसऱ्याला या वाहनांची झेंडूच्या माळा घालून मनोभावे पूजाही होते. परंतु ब्रेक झिजलेले असूनही ज्याच्या गाडीने अद्याप कोणाला इजा केलेली नाही, असा मालक निर्दोष मानावा काय, हा प्रश्न त्या पूजेने सुटत नाही.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे जागरूकतेचा अभाव, अंतर्भूत आहे, आणि अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात त्यापुढे जाऊन समोरचा जीव वाचला तरी प्रमादी मनुष्य हिंसेचा धनी ठरतो, असे प्रतिपादन केले आहे. हे मत कठोर वाटले तरी यथार्थ आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, आणि वारंवार ब्रेक दाबून ते तापले की त्यात वाफ धरते. वाफ दबली जात असल्याने पेडल खाली जाते, पण दाब चाकापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. हा बिघाड डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ‘ठाऊक नव्हते’ ही सबब येथे अपुरी पडते.

कागदपत्रांकडे केवळ दंडाच्या भीतीने पाहणेही असेच उथळ आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा असलेला त्रयस्थ पक्ष विमा मालकाच्या गाडीसाठी नसून रस्त्यावरील अनोळखी माणसासाठी असतो. योग्यता प्रमाणपत्र मात्र तपासणीच्या दिवसाचीच साक्ष देते. त्यानंतर झिजणाऱ्या लायनरची जबाबदारी मालकावरच राहते.