भिंतीवरील नाव आणि उच्चाराचे उत्तरदायित्व

१

विनोदाची मीमांसा करताना मराठी समीक्षेने आजवर प्रामुख्याने संहितेकडे लक्ष दिले आहे. विसंगती, अतिशयोक्ती, उपहास, विडंबन या संज्ञांच्या आधारे विनोदी वाक्याची घटना तपासली गेली. परंतु ते वाक्य ज्या नावाखाली उच्चारले जाते त्या नावाचा, ते नाव कोठे आणि कोणत्या अक्षरवळणात लिहिलेले असते याचा विचार मात्र जाहिरातशास्त्राच्या हवाली करण्यात आला. स्टँड-अप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एकट्या वक्त्याच्या विनोदप्रकाराने ही वाटणी अपुरी ठरवली आहे. या प्रकारात रंगमंचावर नेपथ्य जवळजवळ नसते. एक ध्वनिक्षेपक, एखादे उंच स्टूल आणि वक्त्याच्या पाठीमागची भिंत एवढीच सामग्री असते. आणि त्या भिंतीवर पुष्कळदा जागेचे नाव प्रकाशमान अक्षरांत असते. दृश्य असे काही येथे असेल, तर ते हे नावच होय. म्हणून प्रश्न असा उभा राहतो, की या नावाचा त्यापुढे उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाशी संबंध काय? ते नाव त्या शब्दाखालची सही आहे, की शब्द ज्या घरात बोलला गेला त्या घराची केवळ पाटी?

हा प्रश्न सौंदर्यशास्त्रीय वाटला तरी त्याचे मर्म नैतिक आहे. कारण बोललेल्या शब्दाबद्दल कोणाला जाब विचारावयाचा, हे शेवटी नावावरून ठरते. लेखक म्हणजे काय, या आपल्या १९६९ च्या व्याख्यानात मिशेल फूको यांनी लेखकनामाच्या इतिहासाकडे याच बाजूने पाहिले होते. लेखन शिक्षापात्र ठरू लागले तेव्हा त्याला खऱ्याखुऱ्या लेखकाचे नाव चिकटवणे आवश्यक झाले, असे त्यांचे प्रतिपादन होते. नाव हे गौरवाचे साधन खरे, परंतु ते शिक्षेचा पत्ताही असते.

२

भारतीय नाट्यपरंपरेत नावाचा उच्चार प्रयोगाचाच भाग होता. संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधार कवीचे आणि कृतीचे नाव प्रेक्षकांना सांगतो. ‘अभिज्ञानशाकुंतल’च्या आरंभी कालिदासाचे नाव असेच येते. प्रयोगातील जग खोटे आहे, परंतु ते रचणारा खरा आहे आणि त्याचे नाव अमुक आहे, अशी ही कबुली होय. मराठी संतकाव्याने ही कबुली रचनेच्या शेवटी नेली. नाममुद्रा हे तिचे स्थान. या संदर्भात एकनाथांची भारुडे विशेष लक्षणीय आहेत. भारुडात बोलणारा वासुदेव असतो, जोशी असतो, महारही असतो. सोंग बदलते, भाषा बदलते, हसे होते. पण अखेरीस जनार्दनस्वामींच्या नावासह कवीची मुद्रा उमटते आणि सोंगाआडून केलेल्या टीकेचा धनी कोण, हे उघड होते. सोंग घेणे म्हणजे जबाबदारी टाळणे नव्हे, हा संस्कार या मुद्रेतून घडत आला आहे.

तमाशाने हेच नाव रचनेतून उचलून तंबूच्या दर्शनी भागावर आणले. जत्रांच्या हंगामापूर्वी नारायणगावी फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावचे लोक सुपारी देण्यासाठी तेथे येतात. राहुटीपुढचा फलक हीच तेथे फडाची ओळख असते. या फलकावर माणसाचे नाव असते आणि बहुधा गावाचेही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या नावाचा विन्यास पाहण्यासारखा आहे. त्यात कलावतीचे नाव आहे, पित्याचे आहे, गावाचे आहे. आणि ज्या जातिनामाने गावाने या कलावंतांना वेशीबाहेर ठेवले ते जातिनामही, झाकून न ठेवता, फलकावर ठळकपणे रंगवलेले आहे. या नावामागे बाजारपेठेची गणिते नव्हती, असे नाही. पण येथे बाजारपेठेत उतरणारी वस्तू आणि जाब देणारी व्यक्ती ही एकच होती.

याचे एक उदाहरण मावळाच्या परिसरातच सापडते. ‘गाढवाचं लग्न’ या वगातील सावळा कुंभाराच्या भूमिकेने कीर्ती मिळवलेले दादू इंदुरीकर यांचे मूळ नाव गजानन सरोदे. रंगमंचावरील नाव त्यांनी मावळातील इंदुरी या गावावरून घेतले. सोंगाड्या आयत्या वेळी बोलतो, समोर बसलेल्या गावातल्या प्रतिष्ठितालाही त्यातून सूट नसते; आणि असे बोलताना त्याच्या नावामागे आख्खे गाव उभे असते. त्याच तालुक्यातील परंदवडीसारख्या गावातून आज पाहिले, तर एका बाजूला जत्रेतील फडाचा रंगीत फलक आणि दुसऱ्या बाजूला २००२ पासून पूर्णपणे वाहता झालेल्या द्रुतगती मार्गाच्या दोन टोकांना असलेल्या नगरांतील विनोदगृहांचे निऑन, असे नावाचे दोन प्रकार एकाच दृष्टिक्षेपात येतात. पहिले नाव फडाबरोबर गावोगाव हिंडते. दुसरे जागचे हलत नाही; त्याच्यापुढचे वक्ते मात्र रोज रात्री बदलतात.

३

या दोहोंच्या मध्ये नागर मराठी रंगभूमीचा टप्पा येतो. तेथे नाव व्यक्तीचेही राहिले नाही आणि जागेचेही झाले नाही. ते कृतीचे झाले. वृत्तपत्रांतील नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी दशकानुदशके जी शीर्षके रेखाटली, त्यांत प्रत्येक नाटकाला स्वतःचे अक्षर मिळाले. शीर्षकाच्या वळणावरून प्रेक्षकाने नाटकाचा रस ओळखावा, असा हा संकेत होता. विनोदी नाटकाच्या जाहिरातीत शिरोरेषा मोडते, अक्षरे एकमेकांवर रेलतात, वेलांटी मिशीसारखी वळते. देवनागरीतील शिरोरेषा ही शिस्तीची रेषा आहे. शब्दातील सर्व अक्षरे तिला टांगलेली असतात. म्हणूनच ती वाकवणे हीच हास्याची पहिली सूचना ठरते. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी कवी आणि अक्षरकार या दुहेरी नात्याने अक्षराला केवळ ध्वनीचे पात्र न मानता आशयाचे अंग मानले होते. या दृष्टीने पाहता नाटकाचे शीर्षकाक्षर हे पात्रपरिचयाच्याही आधीचे पात्र असते. येथे अक्षर कृतीशी बांधलेले आहे, ती कृती नाटककाराच्या नावाशी, आणि संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राशी. ही साखळी जाचक असेल. पण ती सलग होती.

स्टँड-अपच्या विनोदगृहात ही साखळी तुटते. या जागांच्या दृश्य परिभाषेचा उगम न्यूयॉर्कमधील ‘इम्प्रूव्ह’ या १९६३ मध्ये बड फ्रीडमन यांनी सुरू केलेल्या क्लबाकडे नेला जातो. तेथील उघडी विटांची भिंत ही योजनापूर्वक घडवलेली नव्हती. ती जागेच्या गरिबीची खूण होती. पुढे दूरचित्रवाणीने ती भिंत आणि तिच्यावरील नाव घरोघर पोहोचवले आणि अभावाची खूण शैलीची खूण झाली. मुंबईत २०१० मध्ये लंडनच्या ‘कॉमेडी स्टोअर’ची शाखा लोअर परळला, पूर्वीच्या फिनिक्स मिलच्या आवारात उघडली, तेव्हा या चिन्हव्यवस्थेला एक अनपेक्षित अर्थ प्राप्त झाला. ज्या गिरणगावात खऱ्याखुऱ्या विटांच्या भिंतींआड कामगार राबत होता, जेथे लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरत होते आणि शाहीर अमरशेख, अण्णाभाऊ साठे यांची लोकनाट्ये गर्दी खेचत होती, तेथे वीट आता श्रमाची राहिली नाही. श्रमाच्या अभावात घालवलेल्या संध्याकाळची ती सजावट झाली. या चिन्हबदलाला कोणी एकटा दोषी नाही. परंतु हे अक्षर आणि ही भिंत कोणत्याही वक्त्याची नाहीत, एवढे येथे नोंदवणे आवश्यक आहे. ती वक्त्याला एका रात्रीपुरती उसनी मिळतात.

४

उसन्या नावाची नैतिक समस्या २०२५ मध्ये मुंबईत अत्यंत उघड्या रूपात समोर आली. २३ मार्च रोजी कुणाल कामरा यांच्या कार्यक्रमाची चित्रफीत प्रसृत झाली. तिच्यात उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना उद्देशून मानले गेलेले एक विडंबनगीत होते. त्याच रात्री शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी खार येथील ‘द हॅबिटॅट’ या कार्यक्रमस्थळाची मोडतोड केली. दुसऱ्या दिवशी महापालिकेने तेथील काही बांधकाम अनधिकृत ठरवून पाडले. स्थळाच्या चालकांनी कार्यक्रम थांबवल्याचे जाहीर केले. वक्त्यावर गुन्हा नोंदवला गेला, मोडतोड करणाऱ्यांपैकी काहींना अटकही झाली. परंतु मोडली ती जागा. वक्त्याने आपल्या निवेदनात स्थळ हे केवळ व्यासपीठ आहे आणि आपल्या विनोदाला ते जबाबदार नाही, अशी भूमिका घेतली.

ही भूमिका प्रथमदर्शनी निर्विवाद वाटते. तथापि तिच्यावर एक आक्षेप संभवतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. विनोदगृह आपले नाव वक्त्याच्या डोक्यामागे लावते ते निर्हेतुकपणे नव्हे. चित्रफीत जेथे जेथे पोहोचेल तेथे तेथे आपले नाव पोहोचावे, हा त्यामागील हेतू असतो. हशा पिकला की त्याचा काही अंश त्या नावाच्या खात्यावर जमा होतो. मग हशाच्या वेळी सहभागी असलेले नाव रोषाच्या वेळी अलिप्त कसे राहू शकते? लाभापुरती सही आणि हानीपुरती केवळ पाटी, असा दुटप्पी व्यवहार नीतीला मान्य होणार नाही.

या आक्षेपाला उत्तर द्यावयाचे तर उत्तरदायित्वाचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. पहिले उच्चाराचे उत्तरदायित्व. ते ज्याने शब्द योजला त्याचे. भारुडातील मुद्रेने आणि फडाच्या फलकाने तेच स्वीकारले होते. दुसरे आतिथ्याचे उत्तरदायित्व. ज्याने बोलणाऱ्याला जागा दिली आणि ऐकणाऱ्याला आसन दिले त्याने काही गोष्टींची हमी दिलेली असते: बोलणाऱ्याचे बोलणे पुरे होईल, ऐकणाऱ्याला उठून जाता येईल, आत कोणत्या प्रकारचा शब्द ऐकू येणार याची कल्पना दारावरच मिळेल, आणि आज एकाला मिळालेली जागा उद्या त्याच्या विरोधकालाही त्याच अटींवर मिळेल. भिंतीवरील नाव हे या हमीचे नाव होय. तिचा भंग झाला, तर त्या नावाला जाब विचारता येतो. कोणाला बोलावले आणि कोणाला वगळले यावरून त्याच्या अभिरुचीवर टीका करता येते, त्याच्यावर बहिष्कारही घालता येतो. वर उल्लेखिलेल्या आक्षेपातील सत्यांश येथे पुरेपूर मान्य होतो. लाभ घेणारे नाव टीकेपासून मुक्त नाही. परंतु टीकेला पात्र असणे आणि हातोड्याला पात्र असणे यांत केवळ प्रमाणाचा भेद नाही; तो जातीचाच भेद आहे. टीका शब्दाला शब्दाने उत्तर देते. हातोडा आतिथ्याचीच शक्यता नष्ट करतो. त्यामुळे ज्यांनी तो शब्द उच्चारलाही नव्हता अशा उद्याच्या सर्व वक्त्यांना, आणि त्या शब्दाचा निषेध करू इच्छिणाऱ्या वक्त्यालाही, एकच शिक्षा होते.

आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते. बांधकाम अनधिकृत होते की नव्हते, हा नगरनियमांचा प्रश्न आहे आणि त्याची दखल घेण्याचा अधिकार महापालिकेला आहेच. पण कृतीचा अर्थ केवळ तिच्या कारणावरून ठरत नाही, तो तिच्या क्रमावरूनही ठरतो. मोडतोडीच्या दुसऱ्या दिवशी चाललेला हातोडा नियमाच्या भाषेत भिंतीविषयी बोलत असला, तरी प्रेक्षकांच्या वाचनात तो गीताविषयीच बोलतो. चिन्हांच्या व्यवहारात हेतूचा दाखला देऊन हे वाचन खोडून काढता येत नाही.

५

राज्यसंस्था अक्षराचे नियमन अन्य मार्गानेही करते. २०२२ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रातील सर्व दुकाने व आस्थापनांवरील फलक देवनागरी मराठीत असणे आणि मराठी अक्षर अन्य लिपीतील अक्षराहून लहान नसणे बंधनकारक झाले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मराठीच्या प्रतिष्ठेसाठी हा नियम न्याय्य मानता येईल. परंतु कायदा अक्षराची उंची मोजू शकतो, त्याचा स्वर मोजू शकत नाही. दाराबाहेर देवनागरी आणि आतील भिंतीवर रोमन असा विन्यास जेथे दिसतो, तेथे मराठी ही परवान्याची भाषा ठरते आणि हशाची भाषा दुसरीच राहते. याउलट २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘भारतीय डिजिटल पार्टी’ने आपल्या आद्याक्षरांतून ‘भाडिपा’ हे खट्याळ नाव घडवले आणि मराठी स्टँड-अपला प्रेक्षक मिळवून दिला, तेव्हा त्या नावातच एक विनोद होता आणि तो मराठी कानालाच कळणारा होता. मराठी अक्षराची प्रतिष्ठा अशा ठिकाणी सक्तीवाचून सिद्ध होते.

भरतमुनींनी हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले: स्वतः हसणे आणि दुसऱ्याला हसवणे. विनोदगृहाच्या भिंतीवरील नाव यांपैकी काहीच करीत नाही. ते हसत नाही आणि हसवतही नाही. हसणे शक्य व्हावे एवढीच जागा ते राखते. तमाशाच्या फलकाजवळ जी निर्भयता होती ती या नावाजवळ नाही, कारण ते कोणाही माणसाचे नाव नाही. परंतु त्याच कारणाने ते अनेकांचे असू शकते. ते अनेकांचे राहावयाचे असेल, तर दोघांनाही काही पथ्य पाळावे लागेल. वक्त्याने भिंतीवरील नावाआड न लपता आपली मुद्रा आपल्या शब्दावर स्वतः उमटवावी. आणि दुखावलेल्याने आपला रोष, तो कितीही खरा असला तरी, त्या मुद्रेच्या पत्त्यावरच, शब्दांच्या रूपाने, पाठवावा. पाटी ही सही नव्हे, हे ज्या समाजाला ओळखता येते, तेथेच उपहास सुरक्षित असतो. आणि उपहास सुरक्षित असतो म्हणूनच तेथे उपहासाला उत्तर देणेही शक्य होते.