शस्त्राची आठवण कशी ठेवावी?

ज्या यंत्राने माणसे मारली ते यंत्र जपून ठेवावे काय? नुसते जपावे इतकेच नव्हे, तर पुन्हा आकाशात उडवावे काय? प्रश्न परदेशचा वाटेल, पण त्याचा धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ‘लिबरेटर’ नावाची चार इंजिनांची बाँबफेकी विमाने 18,000 वर बांधली. युद्ध सरले तेव्हा इंग्रजांनी त्यांतली कितीतरी कानपुरास मोडीत टाकली. 1948 पासून हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्या भंगारातून सुमारे 40 विमाने उभी केली. 1951 साली पुण्यास हवाई दलाचे सहावे स्क्वाड्रन याच विमानांवर पुन्हा सुरू झाले, आणि समुद्रावर टेहळणी करू लागले. 1968 मध्ये ही विमाने निवृत्त झाली. त्यांतलेच एक, 1944 साली टेक्सासात बनलेले, पुढे अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनने घेतले, दुरुस्त केले, 1989 मध्ये उडवले आणि वर्षानुवर्षे गावोगाव दाखवले.

कोणी म्हणेल, यंत्राला कसले आले पाप? सुरी तीच, भाजी चिरा नाहीतर गळा कापा. हे खरेच. पण बाँबफेकी विमान भाजी चिरण्यासाठी घडलेले नव्हते, हेही तितकेच खरे. तो घरघराट ऐकून आज प्रेक्षक टाळ्या वाजवतो. त्या काळी तोच घरघराट ऐकून खालची माणसे लेकरे उचलून पळत सुटली. आवाज एकच, ऐकणारा कोठे उभा आहे एवढाच फरक.

आपल्या नंदुरबारकडे पाहा. सप्टेंबर 1942 मध्ये शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळीबारात पडले. गावाने त्यांचे स्मारक केले. तेथे मान नावांना आहे, बंदुकीला नाही.

मग विमान वितळवून टाकावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. शस्त्र डोळ्यांआड झाले की युद्ध ही नुसती गोष्ट होऊन बसते. शिवाय त्या विमानात बसणारी पोरेही कोणाची तरी लेकरेच होती. कितीतरी परत आली नाहीत. त्यांनाही विसरून कसे चालेल? म्हणून जपावे, पण त्याच्या पोटात बसलेल्यांबरोबर त्याच्या खाली सापडलेल्यांचीही आठवण सांगावी. एकच बाजू सांगितली तर ती आठवण नव्हे, बढाई झाली.

आणि उडवायचेच तर आणखी एक जबाबदारी येते. 2 ऑक्टोबर 2019 रोजी, गांधीजयंतीच्याच दिवशी, याच संस्थेचे दुसरे जुने बाँबफेकी विमान प्रवाशांसह कनेक्टिकटमध्ये कोसळले. सात जीव गेले. वैमानिकाच्या चुकांबरोबर देखभालीतील उणिवाही चौकशीत निघाल्या. मेलेल्यांच्या आठवणीसाठी जिवंतांचा जीव धोक्यात घालावा, हे कोणत्या न्यायात बसते?

रिंगणात स्वार नसलेला अश्व धावतो. आपण त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतो, ती काय घोड्याच्या वेगासाठी? त्याच्या पाठीवर जो दिसत नाही त्याच्यासाठी. जुन्या विमानाकडेही तसेच पाहावे. त्याचे पंख, त्याचा वेग कोणालाही दिसतो. जे आता दिसत नाहीत ते ज्याला आठवतील, त्यानेच ते खरे पाहिले म्हणायचे.