नाचणी रुजायला लागतात तितके दिवस

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की वसईच्या वाड्यांमध्ये कुणाला बसायला फुरसत नसते. घरं झाडून-धुऊन काढायची, शिंप्याकडे हेलपाटे घालायचे, संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थना, त्यानंतर नाताळगीतांच्या तालमी. शिवाय सकाळची नेहमीची लोकल गाठून चर्चगेटला कामावर जायचं ते आहेच. सुट्टी पंचवीस तारखेची, काम मात्र सगळं त्याआधीचं. तरीही या धांदलीत एक गोष्ट मला दरवर्षी दिसते. सगळे धावतात ते ज्यांच्यासाठी, त्या वस्तूंना घाई अजिबात चालत नाही.

गव्हाणीतल्या नाचणीचंच घ्या. पसरट ताटलीत माती घालायची, भिजवलेली नाचणी तिच्यावर दाट पेरायची आणि रोज हाताने पाणी शिंपडायचं. आठवडाभरात बोटभर उंचीचं हिरवंगार कुरण तयार होतं. त्यातच मग मेंढ्या आणि मेंढपाळ उभे राहतात. पेरायला उशीर झाला तर सणाच्या दिवशी नुसते फिकट कोंब दिसतात. फार आधी पेरली तर रोपं उंच होऊन लोळतात, पिवळी पडतात. आमच्या शेजारच्या मावशी त्यासाठी कॅलेंडर बघत नाहीत. पहाटे अंगणात उभं राहून हवेचा अंदाज घेतात आणि म्हणतात, "औंदा गारठा हाय, दोन दिस आधी टाकू." नवरात्रात घटाभोवती माती पसरून धान्य रुजवताना माझी आईही अशीच हवा बघायची. ओलं धान्य, हळद लागल्यासारखा पिवळसर पहिला कोंब, पाणी जास्त झालं की येणारा आंबूस वास, हे सगळं दोन्ही घरांत सारखंच. हे साम्य सापडलं त्या दिवशी झालेला आनंद अजून टिकून आहे.

गव्हाणीची परंपरा सांगताना संत फ्रान्सिसचं नाव घेतात. इटलीतल्या ग्रेचो गावी १२२३च्या नाताळात त्यांनी खराखुरा बैल आणि गाढव उभं करून येशूजन्माचा देखावा मांडला. वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली तीही नाताळाच्या तोंडावर. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशाहाने तह करून हा मुलूख त्यांना दिला. पुढच्या धर्मांतरांचा इतिहास सगळाच सुखाचा नाही आणि तो झाकूही नये. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, तटबंदीतल्या चर्चचे पुढे अवशेष उरले. सण मात्र राहिला. माझ्या मते तो राहिला, कारण तोवर तो इथल्या मातीतून आणि चुलीवरून जाऊ लागला होता. गव्हाणीत भाताचा पेंढा आला, कुरणाला नाचणी आली. दारावरच्या चांदणीला त्याच बांबूच्या कामट्या आणि तोच पतंगी कागद लागतो, जो दिवाळीच्या कंदिलाला लागतो. दिवाळीत आमच्याकडे असलेली करंजीची कातणी डिसेंबरात मावशींकडे जाते. ती परत आली नाही तरी कुणी मागत नाही, कारण पुढच्या दिवाळीला कुठून आणायची ते ठाऊक असतं.

माळ्यावरून मातीच्या मूर्तींचं खोकं खाली उतरतं, तेव्हाही असंच काहीबाही हाती लागतं. प्रत्येक मूर्ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली असते आणि कागद फाटेपर्यंत बदलायचा नाही असा घराचा रिवाज. त्यामुळे एखाद्या मेंढपाळाच्या अंगावर कधीच उतरलेल्या सिनेमाची जाहिरात निघते, उंटाच्या पायाशी कांद्याचे जुने भाव. मग काम थांबतं. मोठ्याने वाचन सुरू होतं. त्या वर्षी घरात कोण होतं, कोण नव्हतं, याची चर्चा रंगते. मुलांना घराचा इतिहास कळतो तो असा, हातात पोतेरं असताना. मुद्दाम समोर बसवून सांगितला तर ती पाचव्या मिनिटाला उठतील.

तयार फराळाचे डबे आणि प्लास्टिकचं गवत हल्ली सगळीकडे मिळतं. दोन तासांचा लोकलचा प्रवास करून आलेल्या बाईने ते विकत घेतलं तर तिला नावं ठेवायचा हक्क कुणालाही नाही. चवीतही फार उणं नसतं. पण कुलकुलं वळायला चार-सहा जण लागतात. मैद्याची छोटी गोळी नव्या कोऱ्या फणीवर अंगठ्याने दाबायची, गुंडाळत आणायची, की अंगावर रेघा उठलेला शंख तयार होतो. परात संपायला संध्याकाळ जाते. बोटं गुंतलेली आणि तोंड मोकळं, अशी ती बैठक डब्यात भरून मिळत नाही. ती मोडू नये असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी या आठवड्याचं ओझं मात्र वाटून घ्यावं लागेल. आजवर ते बहुतेक घरांत एकट्या बाईनेच उचललं. नोकरीही तिची, परातही तिची आणि पहाटेची नाचणीही तिचीच. वर परंपरा टिकवायचा उपदेश ऐकायचाही तिनेच. यंदा मावशींचे दोन्ही मुलगे कामावरून आल्यावर हात धुऊन परातीपाशी बसले. त्यांची कुलकुलं वेडीवाकडी झाली, काही तेलात सुटली. मावशींनी एकही बाजूला काढलं नाही. शेजारी पाठवायच्या ताटात ती सरसकट गेली आणि आमच्या घरी खाल्लीही गेली.