न लिहिलेला नियम

पांच वक्ते एकामागून एक बोलावयाचे आहेत. ‘अ’ हा ‘ब’च्या आधीं बोलला पाहिजे, ‘क’ व ‘ड’ यांचीं भाषणें लागोपाठ होतां कामा नयेत, आणि ‘ई’ तिसरा. ‘ब’ दुसरा बोलूं शकेल काय? नाहीं. ‘अ’ व ‘ब’ हे दोघेही ‘ई’च्या एकाच बाजूस आले, तर दुसऱ्या बाजूस ‘क’ व ‘ड’ लागोपाठ येतात. म्हणून ‘ब’ नेहमीं ‘ई’नंतरच बोलणार. हा नियम कोणीं लिहिलेला नाहीं. तरी तो आहेच.

अमेरिकेंत कायद्याच्या महाविद्यालयांत प्रवेशासाठीं एलसॅट नांवाची परीक्षा असते. तींत अशा चार कोड्यांचा एक भाग जून २०२४ पर्यंत असे. वेळ ३५ मिनिटें, प्रश्न सुमारें २३. या पोरखेळाचा कायद्याशीं संबंध काय, असें पुष्कळ विचारीत. आमच्या मतें संबंध बराच जवळचा आहे. दिलें असेल तेंच घ्यावें, पदरचें कांहीं घालूं नये, हा संयम न्यायासनावर बसणाऱ्यास वक्तृत्वापेक्षां अधिक उपयोगी. ‘क’ व ‘ड’ यांचें भांडण आहे कीं काय, हें तेथें विचारावयाचें नसतें. (आमच्या सभांतून प्रथम तेंच विचारतात!)

परंतु हीं कोडीं बहुतेक जण कागदावर घरें आखून, अक्षरें इकडून तिकडे हलवूनच सोडवीत. २०११ सालीं एका अंध उमेदवारानें याविरुद्ध दाद मागितली. पहिला दावा निष्फळ झाला. पुढें परीक्षामंडळावरील दाव्यांत २०१९ सालीं तडजोड झाली, आणि ऑगस्ट २०२४ पासून त्या भागाच्या जागीं युक्तिवाद पारखण्याचा आणखी एक भाग आला.

आकृति काढलीच पाहिजे, अशी सक्ती परीक्षकांनीं केली नव्हती, हा आक्षेप शब्दशः खरा आहे. अपंगांस सवलतीही असत. पण सहा-सात नांवांची मांडणी डोक्यांत धरून ठेवणें आणि ती समोर पाहणें हीं दोन भिन्न कामें होत. वेळ वाढविल्यानें एकाचें दुसरें होत नाहीं. कोड्याचें स्वरूप आणि गुण देण्याची रीत शेजारीं ठेवलीं, कीं ‘उमेदवार डोळस असावा’ हें तिसरें विधान निघतें. ‘ब’ जसा ‘ई’च्या मागें जातो, तसें. असे नियम तरुणांकडून वर्षानुवर्षें शोधून घेणाऱ्यांस स्वतःच्या घरांतला हा एक मात्र दुसऱ्यानें दाखवावा लागला.

कोडीं गेलीं याची आम्हांस थोडी हळहळ वाटतेच. दुसरी रीत शोधण्यास तडजोडींत चार वर्षांची मुदत होती. शेवटीं पानच काढलें.