साठ्याचं पाणी

२०२१ च्या एप्रिलमध्ये भांडुप पश्चिमेला लसीकरण केंद्राबाहेरच्या रांगेत माझ्यापुढे एक मावशी उभ्या होत्या. आधार कार्डाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, तोंडावर घरी शिवलेला मास्क. रांग सरकेना, तेव्हा मागे वळून म्हणाल्या, "आमच्याकडे लोणचं मुरायला महिना लागतो. ही लस वर्षात कशी हो तयार झाली? कच्ची तर नाही ना राहिली?" रांगेत हशा पिकला. मीही हसलो, उत्तर मात्र मला देता आलं नाही.

उत्तराची वाट तीन महिन्यांनी आमच्या भांडुपनेच दाखवली. जुलैतल्या एका रात्री पाऊस असा कोसळला की भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलातच पाणी शिरलं. १८ जुलैला यंत्रं बंद ठेवावी लागली आणि मुंबईच्या बऱ्याच भागांतले नळ कोरडे पडले. बाहेर धो धो पाऊस आणि घरात कळशी रिकामी! राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांना टेकून असलेलं हे संकुल. लांबच्या वैतरणा-तानसाचं पाणी इथे येतं, गाळलं जातं, क्लोरीन घेऊन शहरात जातं. एरवी दादर-वांद्र्याच्या माणसाला नळ सोडताना भांडुप आठवायचं काही कारण नाही. त्या दिवशी आठवलं.

इथे राहणाऱ्याला एक गोष्ट आपोआप कळते. आज नळाला आलेलं पाणी आज पडलेलं नसतं. मे महिन्यात आपण गेल्या वर्षीचा पाऊस पितो. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. त्या वर्षात लस साठ्यातून उपसली गेली. साठा भरायला काही माणसांची अख्खी हयात खर्ची पडली होती.

साठा नसला की काय होतं, हेही या शहराने भोगलं आहे. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझा मुंबईत शिरला, ओसरल्यासारखा झाला आणि सप्टेंबरात दुप्पट जोराने उलटला. ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ माणसं गेली. तेव्हा परळला नावाजलेली प्रयोगशाळा होती. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, त्याच कामातून ती उभी राहिली होती. जाणकार होते, उपकरणं होती. पण या तापामागे विषाणू आहे हेच तोवर सिद्ध झालेलं नव्हतं. बहुतेकांचा संशय एका जिवाणूवर होता. माणसातला फ्लूचा विषाणू हाती लागला तो १९३३ मध्ये, लंडनला. १९१८ च्या मुंबईत धरण बांधलेलं होतं. त्यात पाणी यायचं होतं.

पुण्यात १९५२ मध्ये आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी विषाणू संशोधन केंद्र काढलं. आज आपण त्याला एनआयव्ही म्हणतो. सुरुवातीचं काम मुख्यतः डास आणि गोचिडांतून पसरणाऱ्या विषाणूंचं होतं. रानात जाऊन गोचिडी वेचायच्या, त्यांची प्रतवारी करायची, नमुने गोठवून नोंदी ठेवायच्या. यात बातमी होण्यासारखं काही नाही. पण विषाणू वाढवायचा कसा, ओळखायचा कसा आणि हे करताना स्वतः जिवंत राहायचं कसं, याला सरावलेले हात त्यातूनच तयार झाले. २००९ च्या स्वाइन फ्लूत हे हात श्वसनाच्या विषाणूवर चालले. २०१२ मध्ये पाषाणला सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा झाली. २०२० च्या मार्चमध्ये संस्थेने करोनाचा विषाणू वेगळा काढला, तो हैदराबादच्या भारत बायोटेककडे गेला आणि कोव्हॅक्सिन झाली. पुण्याच्या सीरमने बनवलेली कोव्हिशील्डही अशीच. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी तिची पद्धत मर्स या आधीच्या करोनावर अगोदरच आजमावून पाहिली होती.

साठ्यात फक्त यशच जमा होतं असं मात्र नाही. आरएसव्ही हे नाव फारशा आईबापांना ठाऊक नसतं, दुखणं ठाऊक असतं. तान्ह्या बाळाला सर्दी होते, दोन-चार दिवसांत छाती भरते, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो, दूध ओढता ओढता बाळ दमून तोंड सोडतं. अमेरिकेचे रॉबर्ट चॅनॉक यांनी १९५० च्या दशकात या विषाणूचा छडा लावला. पुढे फॉर्मालिनने मारलेल्या विषाणूची लस तयार झाली. साल्क यांची पोलिओची लस याच रीतीची होती. १९६६ च्या सुमारास आरएसव्हीची ही लस बाळांना दिली गेली. नंतर विषाणू आला तेव्हा उलटंच घडलं. लस घेतलेल्या ज्या बाळांना संसर्ग झाला, त्यांतल्या ८० टक्क्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. न घेतलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. दोन बाळं दगावली.

चॅनॉक आणि सहकाऱ्यांनी हे झाकून ठेवलं नाही. १९६९ मध्ये आकड्यांसकट छापलं. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं हे सर्वांत मोठं काम. २०१० मध्ये ते वारले, तोवर आरएसव्हीची लस आली नव्हती. २०१३ मध्ये जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठ सोडवली. या विषाणूच्या अंगावरचं एक प्रथिन पेशीत शिरण्याआधी एका रूपात असतं आणि शिरताना रूप पालटतं. जुन्या लशीने शरीराला पालटलेलंच रूप दाखवलं होतं. पोलिसांना चोराचा फोटो द्यावा, तो वेषांतरानंतरचा! आधीचं रूप आहे तसं धरून ठेवायची युक्ती सापडली आणि २०२३ मध्ये पहिली लस मंजूर झाली. त्याआधीच याच धर्तीची युक्ती करोनाच्या एमआरएनए लशींत वापरून झाली होती.

त्या दोन बाळांची आठवण आपल्याकडेही राखली गेली. कोव्हॅक्सिन मारलेल्या विषाणूचीच. त्यामुळे २० माकडांचे गट पाडून, काहींना लस देऊन, मग सगळ्यांना मुद्दाम विषाणू देऊन त्यांची फुप्फुसं तपासली गेली. लस काम करते का हे तर पाहायचं होतंच, पण लशीने रोग बळावत तर नाही ना, हेही पाहायचं होतं. टाळेबंदीत माकडं मिळेनात. वन खात्याच्या मदतीने शोधत शोधत ती नागपूरकडे सापडली. म्हणजे रांगेतल्या मावशींची 'कच्ची तर नाही ना' ही शंका प्रयोगशाळेतही विचारली गेली होती, आणि तिचं उत्तर मिळाल्यावरच इंजेक्शन सर्वसामान्यांच्या दंडापर्यंत आलं होतं.

साठा भरणारे सगळेच पांढऱ्या कोटातले नसतात. मेळघाटात डॉ. आशीष सातव यांच्या 'महान' संस्थेने गावोगावच्या दोन वर्षांखालच्या मुलांत आरएसव्हीचा माग काढला. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. घरीच गेलेल्या बाळाच्या नाकातला नमुनाही त्यात घेतला जाई. अशा घरात, अशा घटकेला जाऊन नमुना मागणाऱ्या गावच्या कार्यकर्तीचं धैर्य कुठल्या आलेखात दिसत नाही. पण रुग्णालयापर्यंत न पोचलेलं मरण एरवी कुठल्याच वहीत चढत नाही, आणि जे वहीत नाही त्यावर लस कोण मागणार?

इथे थांबलो तर डोंगरावरचे भांडुपकर मला सोडणार नाहीत. संकुल पायथ्याशी, पण वरच्या वस्त्यांत पाण्याला दाब नाही; कळशी घेऊन पायऱ्या चढणाऱ्या बाईला शुद्धीकरणाचं कौतुक सांगून काय उपयोग? लशींचंही तसंच आहे. आरएसव्हीने मरणारी बहुतेक बाळं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली, आणि नवी लस आधी पोचली ती श्रीमंत देशांत. साठा करणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं पाणी वर चढवण्याचं, आणि ते विषाणुतज्ज्ञाचं नाही, आपल्या सरकारांचं आहे.

जून उजाडला की सात तलावांत किती टक्के साठा उरला, हे आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो आणि काळजी करतो. विषाणूंविषयीच्या साठ्याचा आकडा कुणी छापत नाही. साथ आली की प्रयोगशाळांवर कॅमेरे, ओसरली की तिथल्या कंत्राटी तंत्रज्ञाच्या पगाराची कुणाला आठवणही नाही. धरण भरायचं असतं ते नेमकं याच दिवसांत.

आपल्या हातात एक लहान गोष्ट आहे. फ्लूच्या लशीत कोणते विषाणू घ्यायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा सुचवते, ते जगभरच्या साध्या सर्दी-तापाच्या रुग्णांकडून आलेल्या नमुन्यांवरून. तेव्हा पुढच्या पावसाळ्यात दवाखान्यात कुणी नाकात कापसाची काडी घालू का विचारलं, तर 'मला कुठे काय झालंय' म्हणून मान वळवू नका. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. त्यातला एखादा थेंब तुमच्या नाकातला असू द्या.