कुंतीने ऐकलेला आक्रोश

वर्धा जिल्ह्यातील केळझर म्हणजेच महाभारतातील एकचक्रनगरी, अशी परंपरागत समजूत आहे. आदिपर्वातील बकवधाची कथा सुरू होते ती यजमान ब्राह्मणाच्या घरातून ऐकू आलेल्या आक्रोशाने. कुंती आत जाते, त्या कुटुंबाचे बोलणे ऐकून घेते आणि दुःखाचे मूळ विचारते. आक्रोश खरा की दाखवण्यापुरता, हा प्रश्न तिला पडत नाही. (पडण्याचे कारणही नाही, तेथे नुकसानभरपाई मागणारा कोणी नाही.)

आधुनिक चिकित्सेला तो पडतो. गॉर्डन वॉडेल या स्कॉटिश अस्थिशल्यचिकित्सकाने १९८० साली कंबरदुखीच्या तपासणीसाठी लक्षणांचे पाच प्रकार मांडले. उभ्या रुग्णाच्या डोक्यावर हलका दाब दिल्यास कंबर दुखते काय. निजून पाय उचलताना होणारी वेदना, लक्ष अन्यत्र असताना बसल्या बसल्या पाय सरळ केल्यास नाहीशी होते काय, अशी ही तपासणी. तीन वा अधिक प्रकार आढळल्यास केवळ शरीररचनेवर विसंबू नये, हा तिचा आशय. निरर्थक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी असा संशय आवश्यकच होता. पुढे मात्र दाव्यांमध्ये ती ढोंग ओळखण्याचे साधन म्हणून वापरली गेली. १९९८ मध्ये मेन आणि वॉडेल यांना या अर्थाविरुद्ध लिहावे लागले.

पाचवा प्रकार 'अतिप्रतिक्रिया' हा. अति, पण कशाहून? दोन परीक्षकांचे मत जुळले की चाचणी विश्वसनीय ठरते. परंतु कण्हण्याची एकच मर्यादा दोघांनी गृहीत धरली असेल, तर त्या एकमतातून मोजले जातात ते त्यांचे संस्कार. विश्वसनीयता आणि यथार्थता यांची गल्लत इथे होते. "थोडंसंच दुखते जी," असे म्हणणारी वऱ्हाडी शेतमजूर स्त्री आणि मोठ्याने विव्हळणारा रुग्ण यांच्यातील अंतर वेदनेचे की बोलण्याच्या रीतीचे, हे चाचणी सांगत नाही. मेल्झॅक यांच्या १९७५ च्या मॅकगिल प्रश्नावलीने वेदनेचे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत लावले. मराठीतील कळ, सणक, ठसठस, रग हे शब्द मात्र एकाच पट्टीवरील अंश नव्हेत. कळ येते नि जाते, ठसठस नाडीबरोबर चालते, रग श्रमातून साठत जाते. प्रत्येक शब्दात काळाची वेगळी जाणीव आहे, आणि भाषांतरित प्रश्नावलीत प्रथम हरवते ती हीच.

कुंतीचे विचारणे परीक्षेचे नव्हते, कारण आत जाण्यापूर्वीच तिचे भीमाशी बोलणे झालेले होते. दुःखाचे कारण कळल्यास, काम दुष्कर असले तरी, ते करण्याचे त्याने मान्य केले होते.