ती थप्पड कोणाच्या भल्यासाठी?

२०२०च्या शिमग्याला मी मुंबईहून हेदवीला आलो. पालखी घरी येऊन गेली की पाडवा करून परत निघायचं, असा बेत होता. नेमका पाडव्याच्याच दिवशी, २५ मार्चला, देश बंद झाला आणि मी गावी अडकलो. तीन दिवसांनी दूरदर्शनवर रामानंद सागरांचं 'रामायण' पुन्हा सुरू झालं. आजी सकाळी नऊला अंघोळ करून टीव्हीसमोर बसायची. तिच्या शेजारी मी आणि माझी धाकटी बहीण.

मंथरा आली त्या दिवशी आजी खवळली. मंथरा कैकेयीच्या कानाला लागली होती. आजी म्हणाली, "मेलीचा डोळाच बघा. डोळ्यातच पाप आहे हिच्या."

बहीण उठली आणि चहा ठेवायला आत गेली. आजीच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

माझ्या बहिणीला उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. बाहुली जराशी बाजूला सरकलेली आहे. ती आठ वर्षांची असताना बेचकीतून सुटलेला खडा तिच्या डोळ्याला लागला. मे महिना होता, कैऱ्या पाडायचं चाललं होतं, आणि ती फणसाच्या आडून अचानक पुढे आली. बेचकी माझ्या हातात होती. मी अकरा वर्षांचा होतो.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी मोबाइल काढला आणि आजीला मंथरेची गोष्ट सांगायला लागलो. म्हणजे ललिता पवारांची. त्यांचा जन्म १९१६चा, येवल्याचा. मूकपटांच्या काळात लहान वयात त्या पडद्यावर आल्या आणि पुढे नायिका झाल्या. १९४२मध्ये 'जंग-ए-आझादी' नावाच्या चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं. प्रसंगात भगवानदादांनी त्यांना थप्पड मारायची होती. ती फार जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. उपचारांत तीनेक वर्षं गेली. नायिकेच्या भूमिका संपल्या. पुढे त्या खाष्ट सासू, कजाग बाई, कारस्थानी बाई म्हणून घराघरांत पोचल्या. आणि सत्तरीत मंथरा.

आजी ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे ती थप्पड बसली म्हणून तर एवढं नाव झालं. देव करतो ते बऱ्यासाठीच."

"खरंय," मी म्हणालो. फार पटकन म्हणालो.

बहीण चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने विचारलं, "कोणाच्या बऱ्यासाठी?"

ती भांडली नाही. कप ठेवले आणि पुढचा भाग बघत बसली. मी मात्र तो प्रश्न घेऊन अजून बसलोय.

आमच्या घरात हे वाक्य जुनंच आहे. बहिणीला पोलिसात जायचं होतं. धावायची छान, कबड्डी खेळायची. डोळ्यामुळे ते दार बंद झालं. मग तिने डी.एड. केलं आणि आता ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गात कोण फळ्याकडे डोळे बारीक करून बघतं, कोण वही नाकाला लावून लिहितं, हे तिला बरोबर कळतं. तिच्यामुळे काही पोरांना वेळेवर चष्मा लागला. त्यांचे आईवडील म्हणतात, 'मॅडमचा डोळा गेला म्हणून आमच्या पोरांना डोळे मिळाले.' हे ऐकलं की मला बरं वाटतं. इतकी वर्षं मी त्या बरं वाटण्याची कधी चौकशी केली नव्हती.

आता ती चौकशी करतो. आधी ललिताबाईंपासून. 'थप्पड बसली म्हणून नाव झालं' हे वाक्य मुळात खरं आहे का?

१९४२पर्यंत त्यांनी चौदाएक वर्षं काम केलेलं होतं. 'दुनिया क्या है' हा १९३७चा चित्रपट टॉलस्टॉयच्या कादंबरीवरून बनवलेला, त्याची निर्मिती त्यांचीच. म्हणजे त्या थपडेने कुणी कोरी मुलगी घडवली नाही. जिला कॅमेरा, आवाज आणि संवादातला थांबा कळत होता, अशा बाईच्या हातातलं एक हत्यार तिने काढून घेतलं.

नंतरचं बघा. १९४४च्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई झाल्या. १९५०च्या 'दहेज'मध्ये छळणारी सासू. डोळ्यातच पाप आहे म्हणणाऱ्या आजीसारख्या प्रेक्षकाला इथे पुरावा मिळतो. पण १९५९चा 'अनाडी' आहे ना! त्यात राज कपूरला घरात ठेवून घेणारी, वरून रागावणारी आणि आतून माया करणारी मिसेस डिसा त्यांनीच केली. त्या भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं. चेहरा तोच, डोळाही तोच. 'श्री ४२०'मधली केळेवाली, 'आनंद'मधली मेट्रन, सगळीकडे तोच डोळा. तो कधी विखारी दिसतो, कधी ओलावतो. मग पाप डोळ्यात कसं असेल? त्या डोळ्याचं काय करायचं हे दर वेळी ललिताबाई ठरवत होत्या. थपडेने फक्त इजा केली. बाकी सगळं काम बाईंचं.

म्हणून 'थपडेमुळे' म्हणताना आपण हिशेबाच्या वहीत चुकीच्या माणसाच्या नावावर जमा मांडतो. बहिणीचंही तेच. वर्गातल्या पोरांना चष्मा माझ्या खड्यामुळे लागला नाही. ती बघते म्हणून लागला.

बर्नार्ड विल्यम्स नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने एक उदाहरण दिलंय. एक लॉरीवाला नीट गाडी चालवतोय. त्याची काही चूक नसताना एक मूल गाडीखाली येतं. बघणाऱ्यांना वाईट वाटतं, लॉरीवाल्यालाही वाटतं, पण त्याचं वाईट वाटणं वेगळ्या जातीचं असतं. आपण त्याला 'तुझा दोष नाही' म्हणून समजावतो, आणि समजवायलाच हवं. पण तो लगेच 'हो, बरोबर आहे' म्हणून जेवायला बसला, तर आपल्यालाच खटकेल. दोष नसला तरी ते त्याच्या हातून झालेलं असतं.

भगवानदादांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. मीही नाही. अकरा वर्षांच्या मुलाला कोणी गुन्हेगार म्हणणार नाही. पण 'दोष नाही' आणि 'चांगलंच झालं' या दोन वाक्यांत मोठी दरी आहे, आणि मी ती न दिसल्यासारखी ओलांडत होतो.

गंमत म्हणजे आपल्या परंपरेला ही दरी माहीत आहे. तुलसीदासांच्या रामायणात देवांच्या विनवणीवरून सरस्वती मंथरेची बुद्धी फिरवते. वनवास झाला नाही तर रावण मरणार कसा? म्हणजे मंथरेमुळे जगाचं भलंच झालं. तरी मुलीचं नाव कोणी मंथरा ठेवत नाही. घटनेचा हिशेब वेगळा आणि कृत्याचा वेगळा, हे लोकांनी शांतपणे मान्य केलंय. आणि समजा, मंथराच उठून म्हणाली, 'बघा, माझ्यामुळे झालं सगळं', तर?

मला वाटतं उत्तर इथेच आहे. 'झालं ते चांगल्यासाठी' हे वाक्य खरं की खोटं, हे ते कोणाच्या तोंडी आहे यावर ठरतं. ज्याला लागलं त्याने म्हटलं तर ती ताकद असते. त्याने आपलं आयुष्य आपल्या हाताने सांधलेलं असतं आणि त्याला नाव द्यायचा हक्क त्याचा असतो. बघणाऱ्याने म्हटलं तर तो निदान आगाऊपणा असतो. आणि ज्याच्या हातून लागलं त्याने म्हटलं, तर ती स्वतःलाच दिलेली माफी असते. पन्नास चित्रपट चांगले झाले म्हणून ती वैध होत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं बामणघळीकडे गेलो. पर्यटक नव्हते, पोलीसही नव्हते. भरती होती. खडकाच्या चिरेत लाट शिरली की पाणी उंच उडत होतं. इतक्या वर्षांत जे बोललो नव्हतो ते मी बोललो. चांगल्यासाठी झालं वगैरे काही नाही. फक्त, "माझ्या हातून तुझा डोळा गेला. मला त्याचं वाईट वाटतं."

ती बराच वेळ समुद्राकडे बघत होती. मग म्हणाली, "मला पोलीसच व्हायचं होतं रे दादा." थोड्या वेळाने म्हणाली, "शाळा आवडते मला. पण ते वेगळं."

परत येताना अंधार पडला. मी नेहमीप्रमाणे तिच्या उजव्या बाजूने चालत होतो. लहानपणापासून तसाच चालतो, त्या बाजूचा खड्डा तिला दिसत नाही म्हणून. याबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी ती म्हणाली, "मला माहितीये तू या बाजूला का असतोस."